‘द डचेस’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न, आणि आत्याचे काही

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्या घरी सात-आठ माणसं जमतात आणि जुन्या काळावरचा एखादा सिनेमा बघतात. ‘द डचेस’ (२००८) आत्तापर्यंत तीनदा लावून झाला, कारण दर वेळी कुणीतरी नवं येतं आणि बाकीचे म्हणतात, यांना तो दाखवलाच पाहिजे. तिसऱ्या खेपेला माझी आत्या आली. वय ७८. तिनं आल्या आल्या रिमोट मांडीवर घेतला आणि एक तास पन्नास मिनिटांचा सिनेमा आम्ही पावणेतीन तास बघितला. खालचे निम्मे प्रश्न तिचेच आहेत. शेवट आधी कळलेला चालत नसेल तर सिनेमा बघून मगच इकडे या. मी काही लपवलेलं नाही.

सिनेमा आहे कशावर?

एका लग्नावर. १७७४ साली लॉर्ड स्पेन्सरची सतरा वर्षांची मुलगी जॉर्जियाना डेव्हनशरच्या पाचव्या ड्यूकला दिली जाते. तो पंचविशीचा, इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. तिला वाटतं, आपण त्याला आवडलो. त्याला हवा असतो वारस. ती लंडनची लाडकी होते, तिचे कपडे आणि तिची केसांची रचना सगळं शहर उचलतं, आणि घरी तिच्याशी कुणी दोन वाक्यं धड बोलत नाही. मग मुली होतात, मग एक मैत्रीण घरी राहायला येते, मग ती मैत्रीण नवऱ्याची होते, आणि तरीही घरातच राहते. मग हिच्या आयुष्यात चार्ल्स ग्रे येतो.

दिग्दर्शक सॉल डिब. जॉर्जियाना झाली आहे किरा नाइटली, ड्यूक रेफ फाइन्स, मैत्रीण बेस म्हणजे हेली ॲटवेल, ग्रे म्हणजे डॉमिनिक कूपर आणि आई शार्लट रॅम्पलिंग. अमांडा फोरमन यांच्या १९९८च्या चरित्रावरून हा सिनेमा केला आहे.

नावाचा उच्चार सिनेमात वेगळाच का ऐकू येतो?

कारण ते लोक ‘जॉर्जेना’ म्हणायचे. मीही पुढे तेच लिहिते.

ड्यूक म्हणजे राजाच ना?

नाही. राजघराण्याखालोखाल जे सरदार, त्यांच्यातली सर्वांत वरची पायरी. आपल्याकडच्या मोठ्या सरंजामदाराची कल्पना करा, फक्त सरंजाम काढून घेणारं वर कुणी नाही अशी. डेव्हनशरच्या ड्यूकांची नावं एका परगण्याची आणि घर भलत्याच परगण्यात: मुख्य वाडा चॅट्सवर्थ, तो डर्बीशरमध्ये. शिवाय लंडनच्या पिकाडिलीत डेव्हनशर हाउस (१९२४ साली पाडलं), चिझिक आणि हार्डविकचे वाडे, आयर्लंडमध्ये लिस्मोरचा किल्ला. यातलं चिझिक आणि लिस्मोर या ड्यूकच्या आईच्या माहेरचं. ती एका अर्लची (ड्यूकच्या खालच्या दर्जाच्या सरदाराची) वारसदार मुलगी होती. तो सहा वर्षांचा व्हायच्या सुमारास ती गेली. वडील चौथे ड्यूक, काही काळ इंग्लंडचे पंतप्रधान, ते गेले तेव्हा हा पंधराचा होता. सिनेमात हे कुठे सांगत नाहीत, पण फाइन्सचा चेहरा बघताना मला ते आठवत राहतं.

“मुलगा होत नाही तर दत्तक घ्यायचा! एवढं काय त्यात?” (आत्या)

या प्रश्नावर पहिल्यांदा सिनेमा थांबला, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. मराठी माणसाला सरदार घराणं म्हटलं की दत्तकविधान आठवणारच. आपल्याकडच्या गाद्याच्या गाद्या दत्तकांनी चालवल्या.

इंग्लंडात ती सोयच नव्हती. मूल कायदेशीर दत्तक घेण्याचा पहिला कायदा तिथे १९२६ साली आला. त्याआधी दुसऱ्याचं मूल सांभाळता येई, वाढवता येई, पण त्याला आपला वारस ठरवून पदवी देता येत नसे. १९२६नंतरही पदवी रक्तानंच जात राहिली. म्हणजे ड्यूकच्या पदवीला हवा मुलगा, तोही लग्नाच्या बायकोच्या पोटचा. बाहेरच्या मुलाला पैसे मिळतील, शिक्षण मिळेल, नौदलात अधिकाऱ्याची जागा मिळेल, पदवी मिळणार नाही. ड्यूकला बेसपासून झालेल्या मुलाच्या बाबतीत हेच झालं.

१८४८ साली सातारची गादी दत्तक नामंजूर करून खालसा झाली, त्यामागे राजकारण होतंच. पण ज्यांच्या स्वतःच्या घरात दत्तक म्हणजे वारस ही कल्पनाच नव्हती अशी माणसं आपल्या राजांच्या दत्तकांवर निकाल देत होती, हे आत्याच्या प्रश्नामुळे माझ्या प्रथमच डोक्यात आलं.

सिनेमाची सुरुवात आता परत बघा. बाहेर हिरवळीवर पोरी पैजा लावतायत, तरुण मुलं धावतायत. आत दिवाणखान्यात जॉर्जेनाची आई आणि ड्यूक बोलतायत. ती आई हसत हसत, अगदी सभ्य शब्दांत, आपल्या मुलीच्या कुशीची हमी देते. त्या खोलीत ठरलेली गोष्ट पूर्ण व्हायला १७९० साल उजाडलं. सोळा वर्षं.

“हा माणूस बोलतो कधी?” (पुन्हा आत्या)

फार कमी. आणि तेच या सिनेमाचं बलस्थान आहे.

ड्यूक मारकुटा नाही, दारुडा नाही, ओरडणारा तर नाहीच. त्याला कुत्री आवडतात. बायको जेवताना काही बोलली तर तो ताटाकडे बघतो, कुत्र्याशी बोलतो, उठून जातो. पहिल्या रात्रीचा प्रसंग घ्या. तो तिच्या कपड्यांचे बंद एकेक करून सोडवतोय, जसं एखादं पार्सल उघडावं तसं. त्याचा एकच प्रश्न: बायकांचे कपडे इतके गुंतागुंतीचे का असतात? ती म्हणते, तुम्हाला मन मोकळं करायला पुष्कळ वाटा आहेत, आम्हाला टोप्या आणि झगे एवढंच. या उत्तरात तिचं पुढचं सगळं आयुष्य आहे, आणि ते त्याच्या डोक्यावरून जातं.

किंवा मेजवानीचा प्रसंग. जॉर्जेना जरा जास्त प्यायलेली, डोक्यावर हातभर उंच टोप, आणि तो मेणबत्त्यांवर पेटतो. लोक किंचाळतात. ड्यूक शांतपणे सांगतो, बाईसाहेबांचे केस कुणीतरी विझवा. आम्ही हसलो. आत्या हसली नाही. ती म्हणाली, “याला राग पण येत नाही. राग आला असता तर बरं.”

फाइन्सनं त्याला खलनायक केलेलं नाही. हा माणूस आपण काही चूक करतोय असं एकदाही मानत नाही. त्याच्या लेखी त्यानं घर दिलं, नाव दिलं, मान दिला. समोरच्या बाजूनं ठरलेली वस्तू यायची बाकी आहे. शेवटाकडे तो खिडकीत उभा राहून बाहेर खेळणाऱ्या मुलांकडे बघतो, आणि असं मोकळं असणं किती छान, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. तेवढ्या एका क्षणी कळतं की लहानपणीच आईबाप गेलेल्या या माणसाला मोकळं व्हायला कुणी शिकवलंच नव्हतं. याचा अर्थ त्याला माफ करा असा मी काढत नाही. पण दोघांचीही मान एकाच दाव्याला बांधलेली आहे हे दिसतं. फरक इतकाच की दाव्याचं दुसरं टोक त्याच्या हातात आहे.

कुत्र्यांचा तपशील खरा आहे, बरं का. या घरातल्या पत्रांत ड्यूकचं टोपणनाव ‘कॅनिस’ असं होतं. लॅटिनमध्ये कॅनिस म्हणजे कुत्रा.

बेसला ती घराबाहेर का काढत नाही?

प्रत्येक खेपेला हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक वेळा बायकांकडून. “मी असते ना...” असं सुरू होतं.

काढायचा प्रयत्न ती करते. सिनेमात ती नवऱ्याला स्पष्ट सांगते की ही बाई इथे राहणार नाही. तो नाही म्हणतो. घर त्याचं आहे. विषय संपला.

पण बेसची बाजू ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. एलिझाबेथ फॉस्टर एका श्रीमंत बिशपची मुलगी, नवरा आयरिश खासदार. संसार मोडला तेव्हा दोन्ही मुलगे नवऱ्यानं ठेवून घेतले, कारण कायद्यानं मुलं बापाची. १७९६ साली तो मेला तोवर तिला ती मुलं बघायला मिळाली नाहीत. १७८२ साली बाथ शहरात ती डेव्हनशर दांपत्याला भेटली तेव्हा तिच्याकडे ना पैसा होता ना घर. सिनेमातली बेस म्हणते की मुलं परत मिळवून देऊ शकेल असा हाच एक माणूस मला माहीत आहे. हेली ॲटवेल ते वाक्य असं म्हणते की तिचा राग धड येतही नाही आणि जातही नाही.

प्रत्यक्षात हे तिघांचं घर सिनेमात दिसतं त्याहून विचित्र होतं. १७८५च्या ऑगस्ट महिन्यात जॉर्जेनाला दुसरी मुलगी झाली, आणि त्याच महिन्यात तिकडे इटलीत बेसलाही मुलगी झाली, बाप एकच. तरी या दोघींची पत्रं वाचली तर सवती वाटत नाहीत. एकमेकींवाचून करमत नाही अशी ती पत्रं आहेत. त्या नात्याला काय म्हणायचं यावर अभ्यासकांची पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. सिनेमा एका प्रसंगात सूचकपणे थोडं दाखवतो आणि पुढे सरकतो. मला तो भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो. आपल्याकडे लाडक्या सवतीची गंमत होते, पण इथे गंमत नाही, गरज आहे: त्या अवाढव्य वाड्यात जॉर्जेनाचं बोलणं ऐकणारं माणूस एकच, आणि तेच नवऱ्यानं नेलं.

घटस्फोट घ्यायला काय हरकत होती?

१८५७ पूर्वी इंग्लंडात घटस्फोट हवा असेल तर संसदेत त्या एका जोडप्यापुरता कायदा मंजूर करून घ्यावा लागे. हो, खरोखरचा कायदा, दोन्ही सभागृहांतून. आधी चर्चच्या कोर्टात जायचं, मग बहुधा बायकोच्या प्रियकरावर नुकसानभरपाईचा दावा लावायचा, मग संसद. पावणेदोनशे वर्षांत असे सव्वातीनशेच्या आसपास घटस्फोट झाले. त्यांतले बायकांना मिळालेले किती? चार. पहिला १८०१ साली. नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली एवढं कारण बायकोला पुरत नसे. नवऱ्याला मात्र बायकोचा व्यभिचार पुरे होता.

म्हणून जॉर्जेना घटस्फोट मागत नाही, सौदा मागते: तुम्ही बेसला ठेवा, मला ग्रे असू द्या. ड्यूकचं उत्तर असं की मी सौदे करत नाही, मला गरजच काय. तो खोटं बोलत नाहीये. कायद्यानं मालमत्ता त्याची, मुलं त्याची, बायकोची मिळकतही त्याची. मुलांच्या ताब्याबद्दल आईला थोडासा हक्क १८३९ साली मिळाला, स्वतःच्या मिळकतीचा १८७० आणि १८८२ साली.

या कायद्याचं एक टोक मुंबईपर्यंत आलेलं आहे. ‘पत्नीनं नांदायला यावं’ असा हुकूम मागण्याचा दावा मुळात इंग्लंडच्या चर्च-कोर्टांतला. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी तोच दावा मुंबई हायकोर्टात रखमाबाईंवर लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली रखमाबाईंच्या बाजूनं निकाल देताना म्हटलं की असल्या दाव्याला हिंदू कायद्यात आधार नाही. अपिलात ते फिरलं, आणि १८८७ साली हुकूम आला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. इंग्लंडनं स्वतःच्या देशात ही तुरुंगाची शिक्षा १८८४ सालीच रद्द केली होती! १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. शाळेत आपण हे प्रकरण ‘सनातनी विरुद्ध सुधारक’ असं शिकतो. ‘द डचेस’ बघून झाल्यावर ते परत वाचा, त्यात एक इंग्रज ड्यूकही उभा दिसेल.

किती खरं, किती रचलेलं?

लग्नाची चौकट खरी, त्रिकोण खरा, ग्रेपासून झालेली मुलगी खरी, ती द्यावी लागली हेही खरं. बदललेलं काय, ते सांगते.

सर्वांत मोठी थाप ग्रेबद्दल आहे. सिनेमात तो १७७४ सालीच त्या हिरवळीवर धावतोय आणि जॉर्जेना त्याच्याकडे चोरून बघतेय. खरा चार्ल्स ग्रे १७६४ सालचा. त्या दुपारी तो दहा वर्षांचा होता! ती तिशीच्या आसपास असताना तो तिच्या आयुष्यात आला. तिच्याहून जवळजवळ सात वर्षांनी लहान, उतावळा, महत्त्वाकांक्षी. सिनेमानं त्याला बालपणीचं हुकलेलं प्रेम केलं, आणि त्यामुळे गोष्ट सोपी झाली.

दुसरं, शिक्षा. पोटात ग्रेचं मूल आहे हे कळल्यावर १७९१ साली ड्यूकनं तिला परदेशी धाडलं. १७९२च्या फेब्रुवारीत दक्षिण फ्रान्समध्ये एलायझा जन्मली. तीन मुलं इंग्लंडात, धाकटा मुलगा दीड-दोन वर्षांचा, आणि आई १७९३पर्यंत युरोपात भटकतेय, तीही फ्रान्समध्ये क्रांती चालू असताना. बेस तिच्याबरोबर गेली, हेही विसरू नका. सिनेमात हे सगळं धुक्यातल्या एका रस्त्यावर आटपलंय: दोन घोडागाड्या, मधे चिखल, आणि बाळ एका हातातून दुसऱ्या हातात. तो प्रसंग उत्तम आहे, किरा नाइटलीचं या सिनेमातलं सर्वांत चांगलं काम तिथे आहे. पण ती दोन वर्षं गेली ती गेलीच.

तिसरं, आणि माझी खरी तक्रार इथे आहे: जुगार. खरी जॉर्जेना पट्टीची जुगारी होती. पत्त्यांच्या टेबलावर तिनं डोंगराएवढं कर्ज केलं, ते नवऱ्यापासून लपवलं, ते फेडायला मित्रांकडून, सावकारांकडून उसने घेतले, आणि पुन्हा खेळायला बसली. हे तिच्या मरणापर्यंत चाललं. सिनेमात ती चार पत्ते टाकते आणि लोक हसतात, एवढंच. कर्जात बुडालेली, खोटं बोलणारी, तरीही हवीहवीशी वाटणारी बाई दाखवायला धाडस लागतं. डिबनं सोसणारी बाई निवडली. लग्न त्यानं खरं दाखवलं, बाई अर्धीच.

ती निवडणुकीत खरंच फिरली का?

फिरली, आणि हा भाग सिनेमानं पाच मिनिटांत उडवला याचं मला वाईट वाटतं, कारण आपला संबंध इथे येतो.

चार्ल्स जेम्स फॉक्स हा व्हिग पक्षाचा पुढारी, तिचा मित्र. १७८३च्या अखेरीस त्याचं सरकार पडलं ते हिंदुस्थानावरून. ईस्ट इंडिया कंपनी युद्धांपायी कर्जबाजारी झाली होती. त्यांत पहिलं इंग्रज-मराठा युद्धही होतं: राघोबांशी सुरतेचा तह, १७७९ साली वडगावला इंग्रजांनी खाल्लेला मार, आणि १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं झालेला सालबाईचा तह. कंपनीचा कारभार संसदेनं नेमलेल्या मंडळाच्या हाती द्यावा असं विधेयक फॉक्सनं आणलं. तिसऱ्या जॉर्ज राजानं वरच्या सभागृहातल्या लॉर्डांना निरोप धाडला, याच्या बाजूनं मत देणारा माझा शत्रू. विधेयक पडलं, सरकार गेलं, चोवीस वर्षांचा पिट पंतप्रधान झाला आणि १७८४ साली निवडणूक लागली.

वेस्टमिन्स्टरच्या दोन जागा, तीन उमेदवार, मतदान चाळीस दिवस. जॉर्जेना टोपीत कोल्ह्याचं शेपूट खोवून गल्लीबोळांत फिरली. फॉक्स म्हणजे कोल्हा, म्हणून शेपूट. खाटकांच्या, कारागिरांच्या घरी जाऊन मतं मागितली. विरोधकांनी उठवलं की ती मतामागे चुंबन देते, आणि रोलँडसनसारख्या व्यंगचित्रकारांनी ते छापून विकलं. फॉक्स दुसरा आला आणि निवडून गेला, तिसऱ्यापेक्षा २३६ मतं जास्त. ज्या बाईला स्वतःला मत नव्हतं तिनं ती मिळवली. तिच्या आईनं मात्र घरी बोलावून कानउघाडणी केली.

आणि तिचं लग्न झालं त्या १७७४ साली पुण्यात काय चाललं होतं ते आठवा: बारभाईंचं कारस्थान, आणि पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म. तिथेही सगळं राज्य एका बाळंतपणाकडे डोळे लावून बसलं होतं, मुलगा होतो की मुलगी.

कपड्यांना ऑस्कर मिळालं, ते योग्य का?

मायकेल ओकॉनर यांना २००९ साली. पूर्णपणे योग्य. सुरुवातीचे झगे फिके, मुलीचे. लोकप्रियता वाढते तसे टोप आणि पिसं वर वर चढतात, आणि प्रचारात ती व्हिगांचा निळा-पिवळट रंग अंगावर घेते. तिचं पहिलं वाक्य लक्षात आहे ना, टोप्या आणि झगे? सगळे कपडे त्या वाक्याला धरून शिवलेत.

लेडी डायनाशी हिचं काय नातं?

जॉर्जेनाच्या भावाच्या वंशातली डायना. दोघीही स्पेन्सर घराण्यातल्या, ऑल्थॉर्पच्या. सिनेमाच्या जाहिरातीत ‘तिच्या लग्नात तीन माणसं होती’ असं लिहून डायनाच्या १९९५च्या मुलाखतीची सरळ आठवण करून दिली होती. तिकिटं खपवायची युक्ती. ती डोक्यात ठेवून सिनेमा बघू नका, सगळीकडे चार्ल्स आणि कॅमिलाच दिसायला लागतील.

तो वाडा चॅट्सवर्थच आहे का?

थोडा. बाकी चित्रीकरण होल्कम हॉल, सॉमरसेट हाउस, बाथ आणि केडलस्टन हॉलमध्ये झालं. क्लँडन पार्कही होतं, ते २०१५ साली जळालं. केडलस्टनचे ते उंच खांब ओळखीचे वाटले तर चूक नाही: कोलकात्याचं राज्यपालांचं निवासस्थान (पूर्वीचं राजभवन) याच वाड्याच्या नकाशावरून बेतलेलं. पुढे केडलस्टनमध्येच जन्मलेला लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होऊन त्या कोलकात्याच्या वाड्यात राहिला.

घरात मुलं असताना लावावा का?

ब्रिटनमध्ये १२ वर्षांवरच्यांसाठी होता, त्याहून लहान असतील तर मोठ्यांबरोबर. उघडं काही दाखवत नाहीत. पण सौदा नाकारल्यावर ड्यूक तिच्यावर जबरदस्ती करतो, आणि तिचा आक्रोश वाड्यातल्या सगळ्यांना ऐकू जातो. नोकर जागच्या जागी उभे. कुणी हलत नाही. हा प्रसंग पटकथेतला आहे. पण कायदा त्या काळचाच: नवरा बायकोवर बलात्कार करू शकतो हे इंग्लंडच्या न्यायालयानं मान्य केलं १९९१ साली. आपल्या भारतीय न्याय संहितेत सज्ञान बायकोच्या बाबतीत नवऱ्याला अजून सूट आहे. मुलं चौदा-पंधराची असतील तर बरोबर बसून बघा, आणि विचारलं तर उत्तर द्या.

आत्यानं तिथे रिमोटला हात लावला नाही. नंतर पाणी मागितलं.

अर्ल ग्रे चहा तो हाच का?

हाच ग्रे. चहाला त्याचं नाव कसं चिकटलं याच्या दंतकथा पुष्कळ आहेत. तो पुढे पंतप्रधान झाला (१८३० ते १८३४). मतदानाच्या सुधारणेचा १८३२चा कायदा आणि गुलामगिरी बंद करणारा १८३३चा कायदा त्याच्या सरकारचे. कंपनीची चीनच्या चहावरची मक्तेदारीही त्याच्याच काळात संपली. ज्याच्यासाठी एका बाईचं घर मोडायला आलं त्याच्या नावचा चहा आज पिशवीत मिळतो.

शेवटी सगळ्यांचं काय झालं?

जॉर्जेना परत आली, त्याच घरात, त्याच दोघांबरोबर. १७९६ साली आजारपणात एक डोळा गेला. १८०६च्या मार्चमध्ये, ४८व्या वर्षी, यकृताच्या विकारानं ती वारली. तीन वर्षांनी बेस ड्यूकची लग्नाची बायको झाली; तो त्यानंतर दोनच वर्षं जगला. एलायझा ग्रेच्या आईवडिलांकडे वाढली. जॉर्जेना तिला अधूनमधून भेटायची, आई म्हणून नव्हे. एलायझानं पुढे आपल्या मुलीचं नाव जॉर्जियाना ठेवलं.

आणि तो मुलगा? ज्याच्यासाठी सोळा वर्षं हे सगळं झालं तो सहावा ड्यूक झाला, चॅट्सवर्थ वाढवलं, बागा केल्या, पुस्तकं जमवली. लग्न केलं नाही. पदवी चुलत घराण्यात गेली. हे सांगितलं तेव्हा आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

तिचं खरं चित्र कुठे बघायला मिळेल?

चॅट्सवर्थला. गेन्सबरोनं काढलेलं, मोठ्या काळ्या टोपीचं. ते घरातून नाहीसं झालं आणि पुढे एका म्हाताऱ्या शिक्षिकेकडे सापडलं. तिनं म्हणे शेकोटीवर बसावं म्हणून पायाकडचा भाग कापून टाकला होता. १८७६ साली लंडनच्या एका गॅलरीतून ॲडम वर्थ नावाच्या चोरानं ते रातोरात लांबवलं आणि पाव शतक विकलं नाही, स्वतःजवळ ठेवलं. १९०१ साली परत दिलं. मग ते अमेरिकन सावकार मॉर्गनकडे गेलं, आणि १९९४ साली अकराव्या ड्यूकनं लिलावात विकत घेऊन घरी आणलं.